बोकडाला बोकड राहू द्या

बकरीच्या कातड्याने काय काय व्हावं अशी माणसांची अपेक्षा असते, हे ऐकायचं असेल तर माझ्याकडे या. त्याने कोल्ह्यासारखं मऊ व्हावं, बिबट्यासारखं ठिपकेदार व्हावं, बर्फातल्या अस्वलासारखं पांढरंशुभ्र व्हावं, आणि एवढं सगळं होऊन झाल्यावर बकरीचा वास मात्र मुळीच मारू नये. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी निम्मं आयुष्य या अपेक्षा पुऱ्या करण्यात घालवलं. निवृत्त झालो तरी अजून फोन येतात. परवाच एकाने विचारलं, "मास्तर, काळ्या बोकडाचं चांदीच्या रंगाचं करून मिळेल का?" मी म्हणालो, बोकड म्हातारा होईपर्यंत थांबा. त्याने फोन ठेवला.

आधी तुमची शंका फेडतो. सोलापुरात फरचे कपडे? जिथे उन्हाळ्यात माणूस अंगातला बनियनसुद्धा नको म्हणतो, तिथे हे कोण घालणार? कोणीच नाही. माल पुणे, मुंबई, दिल्लीला आणि तिथून आणखी कुठेकुठे जायचा. आमच्याकडे बोकड होते, मीठ होतं, ऊन होतं आणि गिरण्या बंद पडल्यामुळे रिकामे बसलेले माझ्यासारखे रंगकामाचे कारागीर होते. मी मूळचा चादरींच्या रंगखात्यातला. ते खातं बंद पडलं. तेव्हा टॉवेलचा कारखाना असलेल्या एका मालकांनी फरचा नवीन धंदा काढला आणि मला बोलावलं. म्हणाले, "रंग तो रंगच. सुताला दिलात तसा केसांना द्यायचा." इतकं चुकीचं वाक्य मी नंतर फक्त त्यांच्याच तोंडून ऐकलं.

आमचं घर लिंगायत. घरात अंडंसुद्धा आलं नाही कधी. आणि मी रोज संध्याकाळी बोकडाचा वास घेऊन दारात उभा. बायको दारातूनच कानडीत बजावायची, "मदल जळक माड्री," म्हणजे आधी आंघोळ करा, बाकीचं नंतर. मुलीच्या स्थळांना ती सांगायची, 'हे टेक्सटाइलमध्ये आहेत.' अक्कलकोटच्या पाहुण्यांना एकदा खरं कळलं, तर त्यांनी चहा घेतला पण बिस्किटं तशीच ठेवली. बिस्किटांचा काय संबंध, ते मला आजही कळलेलं नाही.

आता काम काय, ते थोडक्यात. साधं चामडं करायचं तर कातडं चुन्यात टाकतात, केस गळून पडतात, काम सोपं होतं. आमचं उलट. केस हाच तर माल. त्यामुळे खाटकाने कातडं सोडवल्यापासून आमचा जीव त्या केसांत अडकलेला. मीठ लावायला उशीर झाला, ढीग तापला, तर आतून कुजायला सुरुवात होते आणि चिमटीत धरून ओढलं की केसांचा पुंजका हातात येतो. याला आम्ही 'केस सुटले' म्हणतो. ते एकदा सुटले की ब्रह्मदेव आला तरी परत बसवत नाही. म्हणून मीठ, मग धुणं, मग आंबट द्रावणात बुडवणं, मग कमावणं, तेल देणं, लाकडाच्या भुशात फिरवणं, शेवटी विंचरणं. होय, विंचरणं. बोकडाचे केस विंचरणाऱ्या बायका मी पगारावर ठेवल्या होत्या. त्यातली एक म्हणायची, घरी स्वतःची वेणी घालायला वेळ मिळत न्हाय आणि हितं मेलेल्या बोकडाचा भांग पाडतीय.

कापायचं काम रफिकभाईंचं. फर कधी कात्रीने कापत नाहीत, मागून पात्याने नुसती कातडी चिरतात, नाहीतर केस तुटून शिवणीवर टक्कल दिसतं. कोणी हौशी पोराने कात्री उचलली की रफिकभाई ओरडायचे, "कैंची नक्को रे, बकरेकी हजामत करनेकू बैठे क्या हम?" रफिकभाई आणि मी सोडून त्या शेडमध्ये बोकडाला बोकड समजणारं कोणी नव्हतं, मालक तर नाहीतच.

एकदा एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांना बिबट्याचं जाकीट हवं झालं. खऱ्या बिबट्याला हात लावायचा नाही, एवढी अक्कल त्यांना होती, म्हणून ते बोकडाकडे आले. आमच्या भागातला बोकड उस्मानाबादी, कोळशासारखा काळा. काळ्यावर ठिपके उमटत नाहीत. आधी तो रंग उतरवायचा, मग पिवळट करायचा, मग एकेक ठिपका जाळीतून छापायचा. मी आणि रफिकभाईंनी असं जाकीट केलं की आम्हालाच त्याच्या शेजारी बसायला भीती वाटावी. चिरंजीव ते घालून कोणाच्या तरी लग्नात गेले, फोटो मोबाईलवर फिरले आणि कोणीतरी तक्रार केली. मग वनखात्याचे साहेब जाकीट घेऊन आमच्या दारात. मी म्हणालो, साहेब, बोकड आहे. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. शेवटी मी बादली आणली, जाकिटाचा एक कोपरा भिजवला आणि त्यांच्या नाकाशी धरला. आमचं फर कितीही धुवा, भिजलं की त्यातला बोकड जागा होतो. साहेबांनी एकदाच वास घेतला, रुमाल काढला आणि चौकशी संपली. एवढा अपमान आणि एवढं कौतुक मला एकाच वेळी दुसऱ्या कोणाकडून मिळालेलं नाही.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ती हकिगत वेगळी आहे.

पुण्याच्या एक मॅडम होत्या. त्यांचं मोठं दुकान, इन्स्टाग्रामवर त्याहून मोठं. त्यांना पांढऱ्या फरची आखूड जाकिटं हवी होती. नुसती पांढरी नाही, पाठीवर एकसंध, जोड नसलेला पांढरा तुकडा. नमुन्याचं जाकीट पसंत पडलं तर पुढचा सगळा हंगाम आम्हाला, नाहीतर दुसरा कोणी बघतील. मालकांनी हो म्हणून टाकलं. काळ्या बोकडांच्या मुलखात बसून पांढऱ्याला हो म्हणायला काय लागतं? त्यांनी नातेपुत्याच्या कातडीवाल्या व्यापाऱ्याला सांगितलं, मिळेल ते पांढरं पाठव, भाव चढा देतो.

व्यापाऱ्याने टेम्पो भरून माल पाठवला. जत्रेचे दिवस होते. माळशिरसच्या बाजूला धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर बिरोबाची जत्रा असते, तिथले बोकड. कातडी मिठाने आणि धुळीने इतकी मळलेली की मूळ रंग अंदाजानेच ओळखायचा. पण केस घट्ट होते आणि त्यात एक कातडं तर असं निघालं की रफिकभाईंनी ते हातात घेऊन नुसतं बघत राहावं. मोठं, दाट, पाठीला एक ओरखडा नाही. म्हणाले, "मास्तर, ये तो पूरी पीठ एकमें निकलती." पाठीचा प्रश्न सुटला म्हणून मीही खूश.

आणि मग धुण्याच्या हौदावर बोंब झाली. मी धुण्यासाठी सौम्य साबण मागवला होता. मालकांनी पैसे वाचवायला टॉवेलच्या कारखान्यातली धुण्याच्या सोड्याची पोती पाठवून दिली आणि बायकांनी तो सोडा दिला ओतून. मी पोहोचलो तेव्हा सगळ्या बायका हौदापासून लांब, भिंतीला टेकून उभ्या. एकीने उदबत्ती लावलेली. हौदात बघतो तर पांढऱ्या कातड्यांवर लालभडक हात. माणसाचे पंजे, पाचही बोटं स्पष्ट, पाठीवर उमटलेले. मी शिकलासवरलेला माणूस, पण क्षणभर माझाही हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला.

मग डोकं चालू झालं. जत्रेत बोकडाच्या पाठीवर भंडाऱ्याचा हात उमटवतात. भंडारा म्हणजे हळद. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हळदीचं कुंकू असंच तर करतात. मळाखाली दडलेले हात सोड्याने वर काढले होते. मी बायकांना घरातली चिमूटभर हळद आणि तोच सोडा घेऊन करून दाखवलं. त्यांना पटलं, पण एक म्हणाली, "ते खरं हाय मास्तर, पर देवाचं ते देवाचंच की." मालकांचं म्हणणं वेगळंच. त्यांना वाटलं मी काहीतरी चुकीचा रंग टाकला. मी पोती दाखवली. ते म्हणाले, "ठीक आहे, आता पांढरं करा." जणू काही मी खडूने लिहिलेलं पुसायचं होतं.

तसं ते अवघड नव्हतं. पुढच्या आंबट द्रावणात लाल परत पिवळं होतं. आणि हळद कितीही चिवट असली तरी उन्हापुढे तिचं काही चालत नाही. कातडी कमावून झाली की चौकटींवर ताणून, केस सूर्याकडे करून उन्हात लावायची, रोज थोडी फिरवायची. सोलापूरचं ऊन आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला आलं. पंजे दिवसेंदिवस फिके होत गेले. त्या मोठ्या कातड्यावरचा हात सगळ्यात हट्टी. तो एवढा दाबून उमटवलेला की खालपर्यंत हळद गेलेली. मॅडमचे रोज मेसेज, मालकांच्या रोज चकरा, आणि मी सकाळ-संध्याकाळ त्या पिवळ्या हाताकडे बघत बसलेला. शिव्या द्यायच्या तर कुणाला, सूर्याला?

अशात एका दुपारी गेटवर एक म्हातारा आला. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. नातेपुत्यापलीकडच्या एका वस्तीवरून आला होता. नाव मायाप्पा. वस्तीच्या बिरोबापुढे ढोल वाजवायचं काम त्याच्या घरात चालत आलेलं. त्याने सांगितलं ते असं. देवाच्या नावाने एक बोकड सोडलेला असतो. तो वर्षानुवर्षं वस्तीवर मोकळा फिरतो, कुणाच्याही दारात खातो, त्याला कोणी हटकत नाही. जत्रेत तो देवाला दिला की त्याच्या कातड्याने देवाचा ढोल मढवायचा. जुनं कातडं उतरवून ठेवलेलं. नवीन कातडं मीठ लावून देवळामागे ठेवलं होतं. व्यापाऱ्याची माणसं टेम्पो भरायला आली, पांढऱ्याला भाव जास्त, त्यांनी बाकीच्या ढिगाबरोबर तेही उचललं. हा माणूस आधी व्यापाऱ्याकडे गेला, भांडला, तिथून पत्ता काढत आमच्याकडे आला होता. येत्या अमावास्येला ढोल देवापुढे वाजायला हवा होता.

मी वैतागलेलोच होतो. मनात म्हटलं, आता हे एक राहिलं होतं. मी त्याला म्हणालो, बाबा, गोदामात हवी तेवढी कच्ची कातडी पडली आहेत, चांगलं बघून एक घेऊन जा, पैसे नकोत. तो मान हलवत राहिला.

"दुसऱ्या बोकडाचं त्या ढोलावर चढत न्हाय, मास्तर. देवाचा तो एकच."

मग तो अंगणात चौकटींमधून हिंडू लागला. मी मागोमाग. मोठ्या कातड्यापाशी तो थांबला. उन्हाने फिका झालेला पिवळा हात अजून दिसत होता. त्या हाताची करंगळी वाकडी होती, बाकीच्या बोटांपासून लांब फाकलेली. मी इतके दिवस रोज तो हात बघत होतो, पण करंगळी माझ्या लक्षात आली नव्हती. मायाप्पाने त्यावर आपला पंजा अलगद ठेवला.

"आक्काचा हात हाय ह्यो. थोरल्या भनीचा. बोकड तिनंच वाढीवला."

मला पुढचं माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं. त्याने चौकटीवर कान टेकवला आणि बोटांनी कातड्यावर टिचक्या मारल्या. ताणलेलं कच्चं कातडं असतं तर अंगणभर आवाज घुमला असता. इथे नुसतं थप, थप. त्याने जागा बदलून पाहिलं, मधे, कडेला, मानेच्या बाजूला. मग माझ्याकडे बघितलं.

"ह्ये बोलत न्हाय."

मी त्याला समजावू लागलो. कच्चं कातडं वाळलं की ताठ होतं, म्हणून ढोल वाजतो. आम्ही त्यात रसायन घालतो, ते आत मुरतं, कातडं कायमचं मऊ होतं, म्हणून ते अंगावर घालता येतं. मऊ कातड्याला आवाज नसतो. जुन्या पद्धतीने तुरटी आणि मिठात कमावलेलं असतं तर पाण्यात टाकून थोडंफार तरी मूळपदावर आलं असतं. आमचं रसायन पक्कं. त्याचीच आम्ही जाहिरात करायचो, कितीही भिजवा, होतं तसं राहील. मी बोलत होतो आणि माझंच मला ऐकवत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग ह्याला परत कच्चं करता येतंय का?"

इतक्या वर्षांत माझ्याकडे शेकडो माणसं आली. बोकडाचं हे करा, बोकडाचं ते करा, आणि मी कुरकुरत का होईना सगळं करून दिलं. बोकडाचं परत बोकडाचं कातडं करून द्या म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तेवढंच मला येत नव्हतं. मी नाही म्हणालो.

मायाप्पा तिथेच चौकटीच्या सावलीला उकिडवा बसला. बायका काम थांबवून बघत होत्या. रफिकभाईंनी त्याला पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर त्याने तोंड पुसलं.

"कापला तवा मेला न्हवता तो. ढोलावर बोलला असता. आता मेला."

मग उठला आणि म्हणाला, "द्या मास्तर. घिऊन जातो. देवळामागं पुरतो."

समोर पांढरं, दाट, एकसंध पाठीचं कातडं होतं. मॅडमचं नमुन्याचं जाकीट त्याच्यावर अवलंबून, जाकिटावर ऑर्डर आणि ऑर्डरवर मालकांचा मूड. मी रफिकभाईंकडे पाहिलं. हे कातडं गेलं तर पाठ जोडावी लागणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते चौकटीपाशी गेले आणि कडेचे खिळे एकेक करून उपसू लागले. मीही दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. मायाप्पाने कातडं केस आत ठेवून गुंडाळलं, घोंगड्यात बांधलं आणि खांद्यावर टाकून गेटबाहेर पडला. मोडनिंबपर्यंत जाणारा एक ट्रक बाहेर उभा होता. आमच्या वॉचमनने ड्रायव्हरला सांगून त्याला पुढे बसवलं.

त्या ऑर्डरचं काय झालं हे विचाराल, म्हणून सांगून टाकतो. दोन लहान कातडी जोडून रफिकभाईंनी अशी पाठ केली की जोड शोधायला भिंग लागावं. मॅडमनी तो भिंगाशिवाय शोधला. जाकीट परत आलं, हंगाम दुसऱ्या कोणाकडे गेला आणि मालक माझ्याशी बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलले. त्यांचाही राग खोटा नव्हता. कारखाना चालवायचा तर अशी मॅडम लागते. पुढे आम्ही गालिचे आणि चपलांचं अस्तर करून दिवस काढले. नमुन्याचं ते जाकीट अजून रफिकभाईंच्या घरी आहे, आणि ते घालण्याएवढी थंडी सोलापुरात अजून पडलेली नाही.

पण मायाप्पा गेला त्या दिवशी संध्याकाळी मालक नेहमीसारखे चक्कर मारायला आले होते. अंगणात ओळीने चौकटी आणि मधली एक रिकामी. त्यांनी खिळ्यांची भोकं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मोठं कातडं कुठे गेलं?

काहीतरी थाप मारावी असं मनात येऊन गेलं. केस सुटले म्हणावं, कुत्र्याने ओढलं म्हणावं. पण दिवसभराच्या उन्हाने आणि वैतागाने मी एवढा थकलो होतो की थाप सुचेना.

मी म्हणालो, "त्याच्या घरची माणसं आली होती. घेऊन गेली."